तान्ह्यांचा फोल्डर

हुंग्याने जुईला दुसऱ्यांदा लाल केलं तेव्हा शर्वरीच्या मागे रांगेत नऊ आया उभ्या होत्या. नऊच्या नऊ जणी एकेक पाऊल मागे सरकल्या. दहा महिन्यांची जुई मात्र लाल दिव्याकडे बघून टाळ्या पिटत होती.

"अहो, काही झालेलं नाही हिला," शर्वरी म्हणाली. "ताप नाही, खोकला नाही. सकाळी अख्खं केळं संपवलंय."

"मला दिसतंय हो," पाळणाघराच्या अश्विनीताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पण मला दिसून काय उपयोग? हुंग्याला दिसायला पाहिजे. ह्या महिन्यातला हा दुसरा लाल. आता पाच दिवस घरी. सोमवारी तिसरा लागला तर प्रवेश तीन महिने बंद. नियम मी केलेला नाही."

"नियम माहितीये मला."

"तुम्हाला नसणार तर कुणाला! तुमच्याच कंपनीचं तर मशीन."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शर्वरीने जुईला खांद्यावर टाकलं, डब्याची पिशवी दंडाला अडकवली आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता ती रिक्षा शोधायला निघाली. पाच दिवस सासूबाई कशाबशा सांभाळतील, पण तीन महिने! तीन महिने घरी बसू देणारं ऑफिस मिरजेत अजून निघायचं होतं. बाळंतपणाची रजा तिने ताणून ताणून आठ महिने केली होती. आता आणखी एक दिवस मागितला असता तरी तिच्या साहेबांनी, आरवाडे सरांनी, हात जोडले असते.

सरकारी कागदावर हुंग्याचं नाव श्वासद्वार. काही वर्षांमागे एका हिवाळ्यात पाळणाघरांमधून तान्ह्या मुलांच्या छातीचा आजार पसरला आणि बरीच मुलं दगावली. त्यानंतर कायदाच झाला. दारात श्वासद्वार नसेल तर पाळणाघर उघडायचं नाही. बाळाला कडेवर घेऊन यंत्राच्या नरसाळ्यासारख्या गुलाबी गळणीसमोर वीस सेकंद उभं राहायचं. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर घरी.

त्यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. आपण श्वास सोडतो तेव्हा हवेबरोबर शेकडो पदार्थांचे सूक्ष्म अंश बाहेर पडतात. फुफ्फुसाला सूज यायला लागली की त्यांतले काही वाढतात, काही घटतात, आणि हे सगळं ताप चढायच्या दोन दिवस आधी. गळणीच्या मागे केसाहून बारीक असे चौसष्ट कार्बनचे धागे ताणलेले असत. प्रत्येक धाग्यावर वेगळा लेप. श्वासातले रेणू त्यावर बसले की धाग्यातून जाणारी वीज किंचित अडखळे. चौसष्ट धाग्यांचं अडखळणं मिळून जी नक्षी तयार होई, तिला म्हणायचं श्वासठसा. तो ठसा सॉफ्टवेअर हजारो जुन्या ठशांशी ताडून बघे आणि निकाल देई.

शर्वरीचा ह्या यंत्रावर मनापासून विश्वास होता. जुई झाल्यावर पहिले दोन महिने ती दर तासाला तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासायची. अशा बाईला, आजार दोन दिवस आधी ओळखणारं यंत्र म्हणजे देवच की. शिवाय त्याची परीक्षा घेणाऱ्यांत ती स्वतः होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की साठवून ठेवलेले ठसे तिला एकेक करून खाऊ घालायचे आणि यंत्राचा निकाल डॉक्टरांच्या निदानाशी जुळतो का ते बघायचं. हे सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट शर्वरीच्या हातची होती. एव्हाना बाकी सगळ्या जगाचे प्रोग्रॅम यंत्रंच लिहीत. पण लहान मुलांशी संबंध असलेल्या उपकरणाच्या चाचण्या माणसानेच लिहायच्या आणि माणसानेच त्यावर सही करायची, असं कायदा सांगे. त्यामुळे मिरजेच्या ऑफिसात सातजण अजून हाताने टाइप करत बसायचे, आणि बाकीचे त्यांच्याकडे जुन्या घड्याळजीकडे बघावं तसं बघायचे.

घरी येऊन झबलं काढताना तिच्या नाकात वास शिरला. ओवा.

"मम्मी!"

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. पंचवीस वर्षं ब्यूटी पार्लर चालवलेली बाई. अजूनही भुवया रेखून असायच्या. "काय गं? लवकर आलीस?"

"परत धुरी दिलीत हिला?"

"नाही."

"मम्मी, खरं सांगा. वास येतोय."

"नाही म्हटलं ना. तू नको म्हणालीस त्या दिवशी धुपाटणं माळ्यावर टाकलं. चढून बघ जा." त्यांनी झबल्याच्या आतल्या बाजूला टाचलेली बोराएवढी पांढरी गाठोडी काढून दाखवली. "ही ओव्याची पुरचुंडी. तव्यावर जरा गरम करून बांधते, नाक मोकळं राहतं. ना धूर, ना विस्तव. ह्याला पण बंदी आहे का तुझ्या पुस्तकात?"

"पुरचुंडीने लाल होत नाही, मम्मी. ते आम्ही तपासलंय. नदाफ सिस्टरनी गावोगाव फिरून मुद्दाम तान्ह्यांचे दोनशे बारा ठसे आणलेत. त्यांत पुरचुंडीवाली कितीतरी मुलं आहेत. सगळी बरोबर आली, बारापैकी बारा गट हिरवे. माझी सही आहे त्याच्यावर." बोलता बोलता तिचा आवाज चढला. "लाल होतं ते धुराने. म्हणजे धूर दिलेला आहे. तुमच्या हौसेपायी माझ्या मुलीची छाती—"

"हौस?"

मम्मी एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ती गाठोडी टेबलावर ठेवली आणि आत जाऊन कुकर लावला. त्या दिवसापासून त्यांनी जुईला आंघोळ घातली नाही. "तूच घाल बाई, तुझ्या मशीनला विचारून," एवढं मात्र येता-जाता दोनदा ऐकवलं.

तिचा नवरा धैर्यशील जतजवळच्या पवनचक्क्यांवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी. फोनवर म्हणाला, "मशीन लाल म्हणतंय तर असेल काहीतरी. आणि मम्मी नाही म्हणतेय तर नसेल दिलेली."

"दोन्ही कसं खरं असेल, धैर्या?"

"मला काय माहीत? तुझं मशीन, तुझी सासू."

"सासू माझी आणि आई कुणाची?"

दवाखान्यात डॉक्टरांनी जुईच्या छातीला नळी लावून सांगितलं, "एकदम स्वच्छ आहे." मग फाइलमधला लाल शेरा वाचून चष्मा वर केला. "पण यंत्र म्हणतंय, तर आपण आणखी दोन दिवस बघू." शर्वरीला वाटलं, टेबलावर डोकं आपटावं. जुईला हातात घेतलेला माणूस म्हणतोय ठीक आहे, आणि तोच माणूस लाल ठिपका बघून आपले शब्द गिळतोय.

गुरुवारी दुपारी जुईची गोधडी आणायला ती पाळणाघरात गेली. मुलं अंगणातून आत येत होती, आणि अश्विनीताई उंबऱ्यात उभ्या राहून प्रत्येकाच्या टाळूवर टप्पल मारत होत्या. "तेरा, चौदा, पंधरा… ए, थांबा रे सगळे. सोळावं कुठाय? हां, आलं बघा घसरगुंडीखालनं. सोळा. आता सगळी ठीक."

शर्वरीला इतक्या वैतागातही हसू आलं. "ताई, सकाळी सगळ्यांना हिरवा मिळालाय. दिवसभर मोजत काय बसता?"

"अहो, तुमचा हुंग्या समोर आलेल्यालाच हुंगतो," गोधडीची घडी करत अश्विनीताई म्हणाल्या. "जे समोर आलंच नाही त्याचं काय? रविवारी इथे एक पोर नसतं, तरी दिवसभर हिरवा दिवा चालूच असतो त्याचा. म्हणून मी आधी मोजते, मग ठीक म्हणते."

गोधडी घेऊन शर्वरी फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे जायचंय?

शुक्रवारी अकराच्या सुमाराला ऑफिसात बसून तिने आपलीच जुनी स्क्रिप्ट उघडली. अहवालात फक्त गटांची नावं आणि त्यांपुढे रंग असायचे. मोठी माणसं हिरवी, शाळकरी हिरवी, तान्ही हिरवी. किती ठसे तपासले हे अहवालात कुठेच नव्हतं. ते कुणी विचारलंच नव्हतं. आवृत्ती संपूर्ण हिरवी निघाली की आरवाडे सर चंदूरकरांकडचा चिवडा मागवत, आणि मग संध्याकाळी फक्त चिवड्याबद्दल बोलणं होई.

तिने प्रत्येक गटाच्या आधी एक ओळ घातली: किती ते छाप. आणि चालवली.

मोठी माणसं, तीन हजार एकशे चार. शाळकरी, नऊशे साठ.

तान्ही, शून्य.

तिने पुन्हा चालवली. शून्यच. फोल्डर उघडून पाहिला. दोनशे बारा ठसे आत निवांत पडलेले होते, नदाफ सिस्टरच्या टिपणांसकट. मग ती स्क्रिप्टमधला पत्ता अक्षर अक्षर वाचू लागली, आणि सातव्या सेकंदाला तिचं बोट एका रेघेवर थांबलं.

D:\shwas\tanhi

संगणकावरच्या फाइलचा पत्ता लिहिताना एका फोल्डरमधून दुसऱ्यात शिरलो की मधे मागे झुकलेली तिरपी रेघ द्यायची. बॅकस्लॅश. घर, मग गल्ली, मग गाव लिहिताना आपण स्वल्पविराम देतो तसं. पण ज्या भाषेत शर्वरी स्क्रिप्ट लिहायची, त्या भाषेत ह्याच रेघेला दुसरंही काम आहे. तिथे ती रेघ म्हणते, माझ्यापुढचं अक्षर वाचू नकोस, तो हुकूम आहे. पुढे n आला तर ओळ बदल. t आला तर चार घरं उडी मारून मोकळी जागा सोड. पुढचं अक्षर हुकुमांच्या यादीत नसेल तर मात्र ती रेघ गुमान रेघच राहते. श्वासातल्या s चा हुकूम नाही, म्हणून तो फोल्डर उघडला. मोठ्यांच्या m चा नाही, शाळकऱ्यांच्या s चा नाही, तेही उघडले. तान्ह्यांच्या t चा आहे. पत्त्यातला t गळाला, त्या जागी एक पोकळी आली, आणि यंत्र अशा फोल्डरमध्ये मुलं शोधायला गेलं, जो ह्या जगात नव्हताच. मिळालेली यादी रिकामी. रिकाम्या यादीत चूक सापडत नाही. म्हणून हिरवा.

ह्यावर उपाय पहिल्या आठवड्यात शिकवतात. रेघ दोनदा लिहायची, झालं. तिने स्वतः दोन बॅचेसना तो शिकवला होता.

सगळ्यात चीड आली ती पिवळ्या सूचनांची. रोज सकाळी ढीगभर पिवळ्या सूचना यायच्या, 'ही रेघ संशयास्पद आहे' म्हणून. त्या वाचायच्या नसतात, असं प्रत्येक नव्या माणसाला बजावलं जायचं. आज तिने वाचल्या. चालणाऱ्या प्रत्येक रेघेबद्दल यंत्राने तक्रार केली होती. तान्ह्यांच्या t आधीच्या रेघेबद्दल चकार शब्द नाही. कारण तिथे त्याला कायदेशीर हुकूम मिळाला होता, आणि तो त्याने इमानाने पाळला होता.

ओळ कुणी लिहिली हेही शेजारी दिसत होतं. शर्वरी मगदूम, सात महिन्यांपूर्वी. ती दुपार तिला आठवली. रजेतच "एवढं एक बघून दे" म्हणून आलेलं काम, खांद्यावर उचकी लागलेली जुई, एका हाताने टाइप करणं, आणि हिरवा दिसल्यावर वाटलेलं केवढं समाधान.

तिने रेघ दुप्पट केली. स्क्रिप्ट चालवली.

तान्ही, दोनशे बारा. त्यांतल्या अठ्ठावन्न मुलांचा निकाल यंत्राने चुकवला होता. सिस्टरनी प्रत्येक ठशाखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. अठ्ठावन्नांपैकी चोपन्न मुलं ठणठणीत असून लाल, आणि त्या चोपन्नांत तोच शब्द: पुरचुंडी. ओव्याची उग्र वाफ धाग्यांवर बसत होती आणि यंत्र तिला सूज समजत होतं.

म्हणजे मम्मी खरं बोलत होत्या. शर्वरीने आपल्या सहीचा दाखला देऊन त्यांना खोटं पाडलं होतं, आणि त्या सहीखाली एकही मूल नव्हतं.

पण अजून चार ठसे उरले होते. ते उलटे होते. मुलं आजारी, आणि यंत्र हिरवं. तिने एक टीप उघडली. "मुलगा, सात महिने. पुरचुंडी होती. आई म्हणते बरा आहे. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती, ऑक्सिजनवर." कुठे वाफेने सुजेची नक्कल केली होती, तर कुठे खऱ्या सुजेचा ठसा झाकून टाकला होता.

शर्वरी खुर्चीत मागे टेकून बसली. सोमवारी जुईची पुरचुंडी काढून ठेवली की ती हिरवी होणार. एक टाचणी काढायची, बस्स. प्रवेश शाबूत, नोकरी शाबूत, कुणाला कळणारही नाही.

ती उठली आणि आरवाडे सरांच्या टेबलाशी गेली.

सरांनी शांतपणे सगळं ऐकलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनाही नातवंड होतं. "हे तू सही करायच्या आधी नाही का शोधू शकलीस?" ते एवढंच म्हणाले.

"सर!"

"अगं, ऐक. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. सहा आठवडे. आत्ता सांगितलं तर तान्ह्यांचा विभाग थांबवावा लागेल. मशीन नाही तर पाळणाघर नाही. साडेतीनशे पाळणाघरं एका दिवसात तान्ह्यांना बंद. त्या आया कुठे जातील? तुझ्यासारख्याच आहेत त्या."

"माझ्यासारख्याच आहेत म्हणून तर. त्यांना वाटतंय मूल तपासलंय."

"बहुतेकांना लालच येतंय ना चुकून? लालने कुणी मरत नाही."

"आणि ती चार?"

सरांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"सहा आठवड्यांत अशी किती येतील, सर? मोजून सांगा मला. मी थांबते."

त्यांनी मोजलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, "सही तुझी आहे. मागे घ्यायचा अधिकारही तुझाच. मी तुला थांबवू शकत नाही. पण कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक त्रुटी' लिही. स्वतःला कशाला ओढतेस?"

सही मागे घेण्याचा फॉर्म एकाच पानाचा होता. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: 'तान्ह्यांच्या गटाची चाचणी झालेलीच नाही. पत्ता मी चुकीचा लिहिला. किती ठसे तपासले ते मी मोजलं नाही.' खाली नाव. बटण दाबलं तेव्हा घड्याळात पावणेदोन वाजले होते आणि बाहेर कॅन्टीनवाला पोह्यांसाठी हाका मारत होता.

शनिवारी सकाळपासून फोन वाजत होता. पाळणाघराच्या आयांच्या ग्रुपवर दोनशे निरोप. 'आत्ताच का?' 'सोमवारी माझं ऑडिट आहे, मूल काय बॅगेत घालून नेऊ?' 'कोण ही शहाणी जिने बंद पाडलं?' त्याखाली रागाने लाल झालेले एकवीस चेहरे. शर्वरीने लिहिलं, 'मी. शर्वरी, जुईची आई. घरी पुरचुंडी बांधत असाल तर हुंग्याच्या हिरव्यावर विसंबू नका, मुलाचा श्वास जोरात चालला तर सरळ डॉक्टरांकडे जा.' मग एकीने विचारलं, 'जोरात म्हणजे किती? आमच्याकडे कालपासून धाप वाटतेय.' शर्वरीने लगेच तिलाच फोन लावला आणि "आत्ता निघा" एवढंच सांगितलं. बाकीच्यांच्या शिव्या सुरूच राहिल्या.

मम्मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. शर्वरी जाऊन चिमटे पुढे करत उभी राहिली.

"मम्मी, तुम्ही धुरी दिली नव्हती."

"मला माहितीये ते."

"चूक माझी होती. यंत्राची पण नाही. मी लिहिलेल्या एका रेघेची."

"एका रेघेसाठी मला चार दिवस चोर ठरवलंस."

"हो."

मम्मींनी एक दुपटं झटकलं. पाण्याचे थेंब शर्वरीच्या तोंडावर उडाले. मुद्दाम की काय, कळलं नाही. "नोकरी जाणार का तुझी?"

"माहीत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तरी ठेवतील. घरून काम."

"आणि पुरचुंडी?"

"सध्या नको. मशीन शिकेपर्यंत. तुम्ही चुकलात म्हणून नाही."

"हं," मम्मी म्हणाल्या. "चिमटा दे."

सोमवारी सकाळी त्यांच्या बिल्डिंगमधल्या चौघीजणी आपापली तान्ही घेऊन दारात उभ्या. शनिवारी सर्वांत जास्त तोंडसुख घेणारी दुसऱ्या मजल्यावरची बाईही त्यांत होती. तिने शर्वरीकडे न बघता मम्मींच्या हातात दूध-बाटली दिली. शेजारणीकडे मूल ठेवायला कुठलाही कायदा लागत नव्हता. धाप लागलेलं बाळ दवाखान्यात आहे, ऑक्सिजनविना, हसतंय, असा निरोप त्याच्या आईने एका ओळीत पाठवला होता. शर्वरीने तो तीनदा वाचला होता.

हॉलमधलं टेबल भिंतीला लावून शर्वरी कामाला बसली. जुईने कुणाकडेच जायचं नाकारलं, म्हणून ती खांद्यावर, आणि टाइप करायला पुन्हा एकच हात. तिने सगळ्या पत्त्यांमधल्या रेघा दुप्पट केल्या, चालत असलेल्यांच्यासुद्धा. मग सगळ्या चाचण्यांच्या वर एक नवी ओळ लिहिली. यादी रिकामी असेल तर निकाल लाल. फोल्डरचं नाव मुद्दाम चुकवून ती ओळ तीनदा तपासली. तीनदा लाल. आयुष्यात पहिल्यांदा लाल रंगाने तिला बरं वाटलं.

मागे सतरंजीवर मम्मी बोटं मिटत मोजत होत्या. "एक… दोन… तीन, अरे चावू नकोस त्याला… चार." मग एकदम आवाज चढला. "शर्वरी! पाचवं कुठाय?"

"माझ्या खांद्यावर आहे, मम्मी."

"मग ओ द्यायची की नाही? इथे जीव खाली-वर झाला ना."

त्यांनी उठून, जवळ येऊन जुईच्या टाळूवर हलकेच टप्पल मारली, आणि मगच पाचवं बोट मिटलं.